तीन खोल्यांचं पान

परळीला देवळाच्या पायऱ्या उतरून स्टेशनच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला पूजेच्या सामानाचं एक दुकान लागायचं. बेलाच्या पाट्या, भस्माच्या वड्या, रुद्राक्षांच्या माळा आणि त्या सगळ्याच्या मागं पांढऱ्या टोपीतले वैजिनाथराव. दुकानाच्या कडेनं एक लोखंडी जिना वर जायचा. वर तीन खोल्या होत्या. खालचं दुकान वैजिनाथरावांचं आणि वरच्या खोल्या त्यांच्या बायकोच्या, नीलाबाईंच्या. असा काही कागद झालेला नव्हता, पण गल्लीतल्या लहान पोरालाही हे ठाऊक होतं.

नीलाबाई बसवकल्याणकडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या खोल्यांत मोकळी पोती आणि मोडक्या खुर्च्या भरलेल्या होत्या. एका शिवरात्रीला उतरायला जागा न मिळालेलं एक कुटुंब जिन्याखाली उन्हात बसलेलं त्यांनी पाहिलं. कुणाला न विचारता वर गेल्या, एक खोली झाडली, सतरंजी अंथरली आणि त्यांना वर बोलावलं. जाताना त्या कुटुंबातल्या म्हातारीनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या वर्षी बाकीच्या दोन खोल्याही झाडून झाल्या. तेव्हापासून वैजनाथाच्या दर्शनाला येणारा माणूस त्यांच्याकडं उतरायचा, सकाळी बंबातलं ऊन पाणी घ्यायचा, दुपारी भाकरी, पातळ आमटी, शेंगाची चटणी खायचा, आणि सोमवारी आला असेल तर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीरही. तेलंगणातले लोक यायचे, कर्नाटकातले यायचे. नीलाबाई त्यांच्याशी अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत बोलायच्या आणि उरलेलं ताटात वाढायच्या.

मग दिवस पालटले. बाजार उघडला म्हणतात तसा तो उघडला. हमरस्त्याला काचेच्या दारांची लॉजं झाली. तिथं खोलीत टीव्ही, बाटलीतलं पाणी, गाद्यांवर फुलाफुलांच्या चादरी. गाडीतून उतरलेला माणूस तिथल्याच दिव्यांकडं वळू लागला. लोखंडी जिना दिवस दिवस वाजेनासा झाला. नीलाबाई तरीही रोज तिन्ही खोल्या झाडायच्या.

दोन हजार एक साल सरत आलं होतं. एका दुपारी वैजिनाथराव जेवताना म्हणाले, "केबलवाले भगवानराव खोल्या मागायलेत. कंट्रोल रूम करायची म्हणतात. गच्चीवर त्यांची छत्री बसल."

"किती खोल्या?"

"तिन्ही. पाडव्यापासून."

नीलाबाईंनी वाढायला उचललेली भाकरी परत टोपल्यात ठेवली. "आन् मी काय करू?"

"आराम कर. लई राबलीस."

आराम हा शब्द त्यांना कुणी घरातून जायला सांगावं तसा लागला. पण त्याच आठवड्यात हैदराबादचा एक जुना यात्रेकरू येऊन गेला होता, आणि त्याचं एक बोलणं त्यांच्या मनात रुतून होतं. तो म्हणाला होता, "अम्मा, तुमचं कंप्युटरवर काही नाही का? आमच्याकडं लोक आता आधी तिथं बघतात आणि मग घरातून निघतात." त्यांनी आमटीची वाटी नवऱ्यापुढं सरकवली आणि म्हणाल्या, "पाडव्यापर्यंत थांबा. मी आपल्या खोल्यांची वेबसाईट करते."

वैजिनाथरावांना ठसका लागला. "तू? अगं, मिक्सरचं बटण दाबायच्या आधी तू हात जोडतीस."

"जोडते. पण दाबते की नाही?"

वैजिनाथराव मनानं सरळ व्यापारी. म्हणाले, "बरं, पाडव्यापर्यंत थांबतो. पण एक सांगतो, शिवरात्रीची गर्दी धरायची न्हाई. तेव्हा तर माणसं ओसरीवरही झोपतात. शिवरात्र झाल्यावर, रिकाम्या दिवसांत, तुझ्या त्या कंप्युटरवरून माणूस आलं पाहिजे. आलं तर खोल्या तुझ्या."

मोंढ्याच्या बाजारामागं युवराज नावाच्या पोरसवदा माणसानं कंप्युटरचा क्लास काढला होता. त्याचे आईबाप दिवाळी झाली की कोयते घेऊन उसाच्या फडावर जायचे. हा पुण्याला राहून, हॉटेलात कामं करून शिकला आणि परत येऊन त्यानं एका खोलीत चार कंप्युटर मांडले. दाराबाहेर चपलांची रांग असायची. नीलाबाई तिथं जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा तो उठून म्हणाला, "या काकू. पोराचं नाव घालायचंय का पोरीचं?"

"माझं."

वर्गातल्या दोन पोरी ओढणीत तोंड घालून हसल्या. युवराज हसला नाही. त्यानं खुर्ची ओढून दिली.

नीलाबाई सातवी शिकलेल्या. इंग्रजी अक्षरं त्यांना ओळखू येत, पण की-बोर्डवर ती एकमेकांपासून लांब लांब पांगलेली बघून त्या थबकल्या. "ही अशी विस्कटून कुणी ठेवली रे?" त्यांनी विचारलं. एकेक अक्षर शोधायला त्यांना वेळ लागायचा. शेजारच्या पोरींची पानंच्या पानं टाईप होऊन जायची तेव्हा यांची एक ओळ व्हायची. पण एकदा सापडलेलं अक्षर त्यांचं बोट पुन्हा विसरत नसे.

युवराजनं समजावलं. साध्या नोटपॅडमध्ये लिहायचं. जे लिहायचं त्याच्या आधी एक खूण, नंतर एक खूण. पहिल्या खुणेला काम सुरू होतं, दुसरीला संपतं. ह्यांना टॅग म्हणतात. नीलाबाईंनी पहिल्यांदा मथळा जाड केला आणि संपवायची खूण द्यायला विसरल्या. बघतात तर खालचं सगळं पान जाड, पत्ता जाड, फोन नंबर जाड.

"काकू, दार लावायचं राहिलं," युवराज म्हणाला.

त्या स्वतःवरच चिडल्या. पाहुणा निघाला की खोली लावून किल्ली खिळ्याला अडकवल्याशिवाय त्या जिना उतरत नसत. इतक्या वर्षांत एकदाही चुकल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लिहायची रीतच बदलली. आधी उघडायची खूण आणि लगेच मिटायची खूण लिहायची, आणि मग दोन्हींच्या मधे जाऊन मजकूर लिहायचा. मग त्यांचं दार कधी उघडं राहिलं नाही. पुढं युवराज नव्या पोरांनाही तसंच शिकवू लागला.

पानावर मजकूर आला, पण तो डाव्या कडेला घट्ट चिकटून बसलेला. नीलाबाई बराच वेळ बघत राहिल्या. "युवराज, ही ओळ बघ. नव्या सोयऱ्याच्या घरी माणसं भिंतीला टेकून अवघडून बसतात तशी दिसायली. हिला जरा ऐसपैस बसव की."

"त्याला सजावटीची वेगळी फाईल असती काकू. रंग, अंतर, अक्षराचा आकार, सगळं त्यात सांगायचं."

हे काम त्यांना फार आवडलं. कडेनं जागा सोडणं, मथळ्याखाली अंतर ठेवणं, मागं रंग भरणं. बेलाच्या कोवळ्या पानासारखा हिरवा त्यांना हवा होता, आणि तो सापडेपर्यंत त्यांनी आकडे बदलत बदलत हिरव्याच्या सगळ्या जाती पाहून घेतल्या. एक तर इतका भडक आला की त्या खुर्चीतून मागं सरकल्या. "हा नको बाबा. हा लॉजवाल्यांचा."

मजकुरावरून मात्र गुरूशिष्यांचं वाजलं. नीलाबाईंनी लिहिलं होतं: खोल्या तीन. देऊळ जवळ. ऊन पाणी बंबातलं, सकाळी. जेवण घरचं, शाकाहारी. टीव्ही नाही. थर्मल वीज केंद्राची राख येते, धुतलेले कपडे बाहेर वाळत घालू नयेत, आत दोरी बांधली आहे.

युवराजनं कपाळावर हात मारला. "राखेचं कावून लिवलंय काकू? जाहिरातीत असलं कुणी लिवतं का?"

"राख पडती का न्हाई?"

"पडती."

"मग?"

"आवो, पण वाचून माणूस येईल का?"

"आलेल्या माणसाचं पांढरं धोतर काळं झालं तर तो मला विचारतो. जाहिरातीला विचारत न्हाई."

राख राहिली.

आणखी एक गोष्ट राहिली, तिच्याकडं युवराजचं लक्षच गेलं नाही. दुकानाची नवी चोपडी असो, लग्नाची यादी असो, नाहीतर माहेरी टाकायचं साधं कार्ड असो, पहिल्या ओळीत श्री वैजनाथ प्रसन्न लिहिल्याशिवाय त्या घरात कुणी पुढचं अक्षर काढत नसे. नीलाबाईंनी पानाच्या माथ्यावर ते लिहिलं, तिथं ते छान शोभून दिसलं. मग सजावटीची फाईल नवी उघडली तेव्हा तिच्याही पहिल्या ओळीत लिहिलं. ती फाईल कुणाला दिसणारी नव्हती. पण नवं काही सुरू करायचं आणि देवाचं नाव नाही, हे त्यांच्या बोटांनाच जमलं नसतं. त्या फाईलमधे मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीसारखी दिसायची, म्हणून ती ओळ युवराजच्या नजरेत आली नाही.

माघ महिन्यात पान तयार झालं. युवराजनं ते इंटरनेटवर फुकट जागा देणाऱ्या एका ठिकाणी चढवलं आणि क्लासातली सगळी पोरं पडद्याभोवती जमली. बेलाचा हिरवा, वर देवाचं नाव, खोलीचा फोटो, मोकळ्या बसलेल्या ओळी. ओढणीत हसलेली पोरगी म्हणाली, "काकू, आमच्यापेक्षा भारी झालंय." नीलाबाईंनी त्या दिवशी क्लासात शेंगाच्या पोळ्या वाटल्या.

बसवकल्याणला त्यांचा धाकटा भाऊ होता, बसवेश्वर. त्यांनी त्याला फोन करून पत्ता सांगितला, गुलबर्ग्याला गेलास की इंटरनेट कॅफेत बघ म्हणून. आठवड्यानं त्याचा फोन आला. बहीणभाऊ कानडीत बोलत, आणि बसवेश्वरला बहिणीची चेष्टा केल्याशिवाय फोन पचत नसे.

"अक्का, काय लिहिलंयस गं? मी कॅफेवाल्याला म्हटलं, माझ्या बहिणीनं केलंय, या बघायला. चार जण आले. सगळी एबीसीडी सांडल्यासारखी. कॅफेवाला विचारतो, तुमच्या अक्का जर्मनीत असतात का?"

"हिरवा रंग तरी दिसला का?"

"रंग आहे, फोटो आहे. अक्षर एक वाचता येईना."

शिवरात्र तोंडावर आली होती. पान जगात गेलं होतं आणि जगाला ते वाचताच येत नव्हतं.

युवराजनं ऐकलं आणि त्याचाही चेहरा उतरला. त्यानं सांगितलं, "आपल्या क्लासातल्या कंप्युटरात मराठी अक्षरं आधीच बसवलेली हायेत, म्हणून आपल्याला बरोबर दिसतं. बाहेरच्या कंप्युटरात ती नसतात. म्हणून आपण अक्षरांची फाईल पानाबरोबर पाठवली. ती कुठून उचलायची हे सजावटीच्या फाईलमधे पहिलंच सांगितलंय. मग ते कावून उचलंना?"

एका कंप्युटरातली मराठी अक्षरं त्यानं काढून टाकली, म्हणजे परक्या ठिकाणी काय दिसतं ते इथंच बघता येईल. पान उघडलं. खरंच, एबीसीडी सांडलेली. त्यानं पत्ता तपासला, फाईलचं नाव तपासलं, ठिपके आणि स्वल्पविराम तपासले. सगळं बरोबर. नीलाबाई रोज येऊन शेजारी बसत. त्यांना मदत करता येत नव्हती, पण त्याला एकटं सोडून घरी बसणंही होत नव्हतं. शेवटी कंटाळून त्यानं सजावटीची फाईल कोरी घेतली आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा टाईप केलं. पान उघडलं आणि मराठी अक्षरं झळकली.

मग त्यानं दोन्ही फाईली शेजारी शेजारी लावल्या आणि ओळीला ओळ ताडून पाहिली. फरक एकच. जुनीत सगळ्यात वर ती गिचमिड ओळ होती.

"काकू, हे काय हाय?"

"श्री वैजनाथ प्रसन्न."

युवराज खुर्चीत मागं टेकला. "आवो काकू! मशीनला ती सूचना वाटली. त्याला अर्थ लागला न्हाई, म्हणून त्याला चिकटून आलेलं पहिलं वाक्यही त्यानं सोडून दिलं. अन् ते पहिलं वाक्यच अक्षरांचं होतं. ती वळ काढा, झालं काम."

नीलाबाईंनी हात मांडीवर ठेवले. "न्हाई काढणार."

"काकू, शिवरात्र आली. खोल्या जातील तुमच्या."

"खोल्या त्याच्या नावावर चालतात बाबा. त्याचंच नाव काढून खोल्या ठेवू?"

"मशीनला देव कळत न्हाई."

"कळू नये. कळलंच पाहिजे असं मी कुठं म्हणले?" त्या पडद्याकडं बघत हळूहळू बोलू लागल्या, जणू मनातच वाट शोधत होत्या. "देवळाच्या पायऱ्यांवर कडेला बैरागी बसतात. चढणारा माणूस त्यांना वलांडत न्हाई, त्यांच्याशी बोलतही न्हाई, बाजूनं वर जातो. तसं ह्याला बाजूनं जाता येणार न्हाई का? असं काही लिहायची जागाच न्हाई का, की जे लिहिलेलं राहील आन् मशीन त्याला हात लावणार न्हाई?"

युवराज उठून बसला. "हाय की." त्याला स्वतःलाच नवल वाटलं. "हाय काकू. कॉमेंट म्हणतात. लिवणाऱ्यानं सवताच्या आठवणीसाठी काही लिवायचं असंल तर एक तिरकी रेघ अन् चांदणी, शेवटी चांदणी अन् तिरकी रेघ. मधलं मशीन वाचत न्हाई. मी तुमाला शिकवलंच न्हाई, म्हणलं काय कामाचं."

त्यानं हात मागं घेतला आणि की-बोर्ड त्यांच्याकडं सरकवला. नीलाबाईंनी आधी उघडायची खूण लिहिली, लगेच मिटायची खूण लिहिली, आणि मग त्यांच्या मधे जाऊन देवाचं नाव लिहिलं. पान उघडलं. मराठी अक्षरं जागच्या जागी होती. बसवेश्वरला फोन केला, तो मुद्दाम गुलबर्ग्याला गेला आणि तिथूनच ओरडला, "अक्का, राख दिसली, राख!"

शिवरात्रीला परळी माणसांनी उतू गेली. नीलाबाईंच्या तिन्ही खोल्या भरल्या, ओसरी भरली. पण ती गर्दी धरायची नव्हती. यात्रा पांगली, पाळणे उतरले, रस्त्यावरची पालं निघाली आणि ते रिकामे दिवस सुरू झाले. फोन दुकानात, गल्ल्याशेजारी. तो वाजला की नीलाबाईंचा हात भाकरीच्या पिठात थांबायचा. कधी नारळाचा व्यापारी असायचा, कधी चुकीचा नंबर. भगवानराव एकदा फीत घेऊन आले आणि गच्ची मोजून गेले. जाताना म्हणाले, "वहिनी, तुमाला एक कनेक्शन फुकट."

"टीव्ही हाय कुठं आमच्याकडं?" नीलाबाई म्हणाल्या.

फाल्गुन सरत आला होता. उन्हं कडक झाली होती. वैजिनाथराव दुकानात पेंगत होते आणि फोन वाजला. नीलाबाई आतून ऐकत होत्या.

"हां, बोला... कुठून? इंदूर?... राख? कसली राख?... न्हाई न्हाई, आमी भस्म विकतो, राख न्हाई..." वैजिनाथराव गोंधळले आणि त्यांनी फोन दाराकडं धरला. "अगं, कुणीतरी राखेचं विचारायलंय. तूच बघ."

पीठ लागलेल्या हातानंच त्यांनी फोन घेतला. पलीकडं एक निवृत्त मास्तर होते, इंदूरच्या मराठी माणसाचं सावकाश, गोड बोलणं. "बाई, ज्यांनी राख पडते म्हणून लिहिलंय, ती जागा आपलीच का? मी बऱ्याच ठिकाणचं वाचलं. सगळ्यांनी सगळं उत्तमच लिहिलंय. एक आपणच उणं लिहिलंत. तेव्हा आमच्या मंडळी म्हणाल्या, यांचं ऊन पाणीही खरं असेल. आम्ही दोघं आहोत. खोली मिळेल का?"

"मिळेल," नीलाबाई म्हणाल्या.

मास्तर आणि त्यांची मंडळी पूर्णा जंक्शनला गाडी बदलून आले. वैजिनाथराव स्वतः स्टेशनवर गेले आणि त्यांची पिशवी हातात घेऊन आले. पाहुणे चार-पाच दिवस राहिले. कपडे आतल्या दोरीवर वाळले. मास्तर संध्याकाळी दुकानात येऊन बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "मी हे घर इंदुरात बसून वाचलं." वैजिनाथराव ते ऐकत आणि टोपी काढून पुन्हा घालत. पाहुणे असतानाच बेळगावच्या एका जोडप्याचा फोन आला आणि दुसऱ्या खोलीचंही ठरलं.

पाडव्याच्या दिवशी भगवानराव बोलणी पक्की करायला आले. वैजिनाथरावांनी त्यांना साखरेची गाठी दिली आणि म्हणाले, "भगवानराव, बोली होती. बाईनं बोलीवर माणूस आणलं."

"दोन जोडपी आली म्हणून काय झालं शेठ? बारा महिने दोन जोडप्यांवर चालतं का?" भगवानराव चुकीचं बोलत नव्हते. त्यांनी माणसं उभी केली होती, तार आणली होती. वैजिनाथराव बायकोकडं बघू लागले. निकाल त्यांनी तिच्यावर सोडला होता, हे त्यांच्या बघण्यातच होतं.

नीलाबाई जिना चढून वर गेल्या. कडेच्या, गच्चीला लागून असलेल्या खोलीची किल्ली खिळ्यावरून काढून आणली आणि भगवानरावांपुढं धरली. "ही घ्या. वर्षभर. दोन माझ्या राहतील. आन् तुमच्या माणसांनी पाहुणे असताना जिन्यावर बूट वाजवायचे न्हाईत."

भगवानरावांनी मान डोलावली. वैजिनाथराव म्हणाले, "तिन्ही तुझ्याच होत्या की. कावून दिलीस?"

"दोन भरायचं मला आता जमतं. तिसरी भरायचं शिकायचंय अजून."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या क्लासात जाऊन युवराजच्या समोर बसल्या. "मला कानडीत पान करायचंय. बीदरकडची, गुलबर्ग्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या येतात, आन् मी लिहिलंय मराठीत."

युवराज कानकोंडा झाला. "काकू, मला कानडीचं एक अक्षर येत न्हाई."

"मला येतात ना." त्यांनी खुर्ची की-बोर्डाजवळ ओढली. "तू फक्त ती अक्षरं आणायची कुठून, तेवढं शोधून दे."